अल मसरी, हाझेम

(१९७६– ). लेबनॉनमध्ये जन्मलेला ऑस्ट्रेलियन रग्बी लीगपटू. ट्रिपोलीहून बालपणी सिडनीत आलेला हा विंगर १९९६ ते २००९ अशी संपूर्ण लीग कारकीर्द बुलडॉग्ज या एकाच क्लबकडून खेळला.

रग्बी लीगमध्ये ट्रायला (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला) चार गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन. चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन ही किक मारतात. त्यामुळे कडेची ट्राय किकरची खरी परीक्षा घेते. अल मसरी तिथूनही विलक्षण सातत्याने गुण मिळवी. २००४मध्ये त्याने एकाच हंगामात ३४२ गुणांचा विक्रम केला आणि बुलडॉग्जने विजेतेपदही पटकावले. निवृत्तीवेळी त्याच्या नावावर विक्रमी २,४१८ गुण होते. कॅमेरॉन स्मिथ या खेळाडूने हा विक्रम २०१९मध्ये मागे टाकला. लेबनॉनकडून तो २०००चा विश्वचषकही खेळला.