आवड कोणाची?

मोहोपाड्याच्या बाजारात ‘मला हा तांदूळ आवडतो’ असे कोणी म्हणाला, की वाक्याचा कर्ता तांदूळ ठरतो; बोलणारा चतुर्थीत उभा! इंग्रजीत मात्र माणूस कर्ता होतो. परंतु हा त्या भाषेचा मूळ स्वभाव नव्हे. आल्फ्रेड राजाच्या काळी, म्हणजे नवव्या शतकात, ‘लीकियन’ या धातूचा अर्थ ‘रुचणे’ असा होता व माणूस तेथेही चतुर्थीतच असे. पुढे विभक्तिप्रत्यय झिजले. शब्दांच्या क्रमावरून कर्ता ओळखण्याची रीत पडली, आणि वाक्यारंभी बसलेल्या माणसालाच लोक कर्ता समजू लागले. तरी शेक्सपिअरच्या (मृत्यू १६१६) नाटकांत जुना प्रयोग मधूनमधून डोकावतो.

दुसऱ्याची आवड कळविताना हा भेद अधिक बोचतो. ‘मला आवडतो असे तो म्हणाला,’ असे सांगून मराठी त्याचे शब्द जसेच्या तसे राखते. इंग्रजी ‘मी’चा ‘तो’ करते आणि क्रियापदही बहुधा भूतकाळात ढकलते. मग आवड अजून आहे की सरली, हे नुसत्या वाक्यावरून उमगत नाही. मराठी जबानी इंग्रजीत उतरली, की साक्षीदाराची आजची इच्छा कालची भासू शकते. उलटतपासणीत उत्तर मात्र त्या बिचाऱ्यालाच द्यावे लागते.