सावंगी, कंसात मेघे

माझ्या आजोळचं नाव लिहिताना कंस काढावा लागतो. सावंगी (मेघे). नुसतं सावंगी लिहून भागत नाही, कारण सावंगी नावाची गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुण्यात कुणाला हे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे ते मेघ्यांचं हॉस्पिटल आहे तेच ना?" हो, तेच. दत्ता मेघे यांच्या संस्थेचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय तिथे १९९० साली सुरू झालं, आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय त्याला जोडलेलं. त्यामुळे बाहेरच्या लोकांना वाटतं की कंस हॉस्पिटलमुळे लागला असेल. पण वर्ध्याच्या आसपास सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे) अशी आणखीही गावं आहेत. तिथे कुठे प्रत्येक ठिकाणी मेडिकल कॉलेज आहे?

खरं तर आमचा जिल्हाच कंसांचा. वर्ध्याला चिकटून सिंदी (मेघे), आणि त्याच जिल्ह्यात नागपूरच्या लायनीवर सिंदी (रेल्वे). वायगाव दोन, एक (निपाणी) आणि दुसरं हळदीसाठी प्रसिद्ध असलेलं (हळद्या). कारंजा (घाडगे) आमचं, कारंजा (लाड) वाशिमकडचं. आष्टीचा कंस तर गावानं कमावलेला आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथल्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हापासूनची ती आष्टी (शहीद). बाकी महाराष्ट्रानं हे काम खुर्द आणि बुद्रुक या दोन फारसी शब्दांवर भागवलं, धाकटं आणि थोरलं. आमच्याकडे मात्र कुणाचं गाव, कुठल्या लायनीवरचं, काय पिकतं, काय सोसलं, असं सगळं कंसात.

तर हे कंसपुराण कशासाठी? सांगते. गेल्या वर्षी माझ्या मामेभावानं (दादा म्हणते मी त्याला) धंद्याचे सगळे फोन नंबर एका ॲपमध्ये टाकायला घेतले, आणि मामांशी त्याचं चांगलंच वाजलं. दोघांचीही बाजू ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की भांडण नंबरांवरून नव्हतंच, कंसावरून होतं. आणि ते भांडण आमच्या भागात बरंच जुनं आहे.

वर्ध्याजवळ सेगाव नावाचं एक लहानसं गाव होतं. जमनालाल बजाज तिथले मालगुजार. १९३६ च्या उन्हाळ्यात गांधीजी तिथे राहायला गेले आणि जगभरची टपाल त्या खेड्याच्या पत्त्यावर यायला लागली. अडचण अशी की याच मुंबई-नागपूर लोहमार्गावर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, गजानन महाराजांचं. इंग्रजीत लिहिलेल्या पाकिटावर सेगाव काय आणि शेगाव काय, टपाल खात्याला दोन्ही सारखीच. पत्रं भलतीकडे जायला लागली. शेवटी १९४० साली गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं गेलं. आपण शाळेत शिकतो ते सेवेचं ग्राम म्हणून सेवाग्राम, आणि ते खरंही आहे. पण त्यामागे नावात नाव मिसळण्याची इतकी साधी कटकट होती, हे कळल्यावर मला ते गाव जास्तच आपलं वाटायला लागलं :)

अशी गफलत गांधीजींच्या पत्रांची झाली म्हणून ती इतिहासात आली. व्यापाऱ्यांची तर रोजच होत असणार. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव हा सगळा कापसाचा मुलूख. जिनिंग, प्रेसिंग, अडत्ये, दलाल, मुंबईच्या पेढ्या. कुणाशी बोलायचं, कुणावर किती विश्वास टाकायचा, कुणाची हुंडी विनातक्रार वटते, ही सगळी माहिती शेठजींच्या आणि मुनिमाच्या डोक्यात, थोडी वहीत. मारवाडी पेढ्यांच्या वह्या महाजनी लिपीत असत. तिच्यात काना-मात्रा बऱ्याचदा गाळलेल्या, त्यामुळे नाव आधीच माहीत असलेल्यालाच ते नीट वाचता यायचं. आजच्या भाषेत म्हणायचं तर वहीला पासवर्ड होता, आणि तो मुनिमाच्या डोक्यात होता.

तारखात्यानं मग एका शब्दाची सोय काढली. तारेत शब्दागणिक पैसे पडत आणि पत्त्याचे शब्दही मोजले जात, म्हणून पेढ्या वर्षाची फी भरून एकशब्दी तारेचा पत्ता नोंदवून ठेवत. जुन्या लेटरहेडवर कोपऱ्यात तो छापलेला दिसतो. एक शब्द आणि गावाचं नाव, की तार बरोबर पेढीवर. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा हे सगळे एकशब्दी पत्तेही गेले. पत्रांसाठी १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी, आणि संस्कृत कवी. सहा आकडे लिहिले की सेगाव-शेगावचा गोंधळ संपला. आकड्यांनी कंसावर मिळवलेला हा पहिला मोठा विजय म्हणायला हरकत नाही.

पण फोन आले आणि कंस परत आला. ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकातलं आहे त्यांना 'पी.पी.' आठवत असेल. नंबर शेजाऱ्यांचा, माणूस आपला. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर नंबरापुढे कंसात पी.पी. असे. फोन करणाऱ्यानं आधी शेजारच्या काकूंची विचारपूस करायची, मग "जरा अमक्याला बोलावता का" म्हणायचं. धंद्याचा संपर्क असा दोन घरांतून जायचा. गल्लीतल्या कुणाचा व्यवहार कुणाशी चाललाय हे काकूंना पाठ. आज आपण खासगीपणा म्हणतो तो तेव्हा नव्हताच, पण निदान आपलं कोण ऐकतंय हे माहीत असायचं.

मामांनी सावंगीत खानावळ काढली ती १९९३ साली. हॉस्पिटल वाढत होतं, मुलं शिकायला येत होती, आणि पेशंटचे नातेवाईक यवतमाळ, चंद्रपूर, पार आदिलाबादहूनही येत होते. सुरुवातीला डबे, मग बसून जेवायची सोय, मग मागच्या बाजूला चार खोल्या नातेवाइकांना राहायला. मामांची वही म्हणजे एका बँकेनं फुकट वाटलेली डायरी. तारखांशी तिचा काही संबंध नाही, आणि अकारविल्हे तर नाहीच. पण मामांना हवं ते पान दोन सेकंदांत सापडतं. तिच्यात राजू पाच आहेत. राजू (गॅस). राजू (टमाटर). राजू (सासरा एसटीत). राजू (दुपारी फोन नको). आणि राजू (उधार देऊ नये), हा मात्र लाल शाईत.

भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला केलेला. आमच्या सावंगीत ते वारं यायला आणखी काही वर्षं लागली. मामांचा पहिला फोन साधा, बटणांचा. सिमकार्डात नंबर मावायचे दोनेकशे, आणि नावाला अक्षरं मोजून बारा-चौदा. इंग्रजीतच टाकायची. तेवढ्या जागेत "सासरा एसटीत" कुठून बसणार? म्हणून मामांनी फोनमध्ये घरचे आणि गॅसवाला एवढेच ठेवले. बाकी वही.

गंमत म्हणजे यंत्रं बनवणाऱ्यांना कंसाची गरज ठाऊक नव्हती असं नाही. १९९४ साली अमेरिकेत विक्रीला आलेल्या आयबीएमच्या सायमन या फोनमध्ये, ज्याला पहिला स्मार्टफोन म्हणतात, नावपत्त्यांची वही होती. पुढच्या एक-दोन वर्षांत व्हीकार्ड नावाची पद्धत ठरली. एका यंत्रातून दुसऱ्यात माणसाची माहिती पाठवायची झाली तर कुठल्या क्रमानं, कुठल्या रकान्यात, हे तिनं ठरवलं. आजही तुम्ही फोनवरून कुणाचा नंबर 'शेअर' करता तेव्हा बहुधा तेच कार्ड जातं. त्यात नाव, संस्था, हुद्दा, पत्ता असे रकाने आहेत आणि 'टीप' नावाचाही एक आहे. म्हणजे कंसाला जागा पहिल्यापासून आहे. पण ती सगळ्यात खाली, आणि आपण तिथवर जातो कधी? २०१८ च्या जानेवारीत धंदेवाल्यांसाठी वेगळं व्हॉट्सॲप आलं, त्यात ग्राहकाला रंगीत लेबल लावता येतं: नवा ग्राहक, नवी ऑर्डर, पैसे बाकी. दादानं ते दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "हे तं मी लाल पेनानं करतो."

दादाच्या बाजूनं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं. मामा आता एकाहत्तर वर्षांचे. मागच्या पावसाळ्यात ते पंधरा दिवस त्याच हॉस्पिटलात पडून होते, आणि त्या पंधरा दिवसांत खानावळ कशीबशी चालली, कारण तांदूळ कुणाकडून घ्यायचा ते वहीत होतं पण कुठल्या पानावर ते मामांच्या डोक्यात. धंदा एका माणसाच्या आठवणीवर चालू ठेवणं धोक्याचं, हे त्याला तेव्हा कळलं. मलाही पटतं. मुनीम गेला की पेढीची निम्मी माहिती त्याच्याबरोबर गेली, हे जुन्या काळी काय कमी वेळा झालं असेल?

म्हणून त्यानं ॲप घेतलं. वहीच्या पानांचे फोटो काढले, नंबर त्यात गेले, आणि ॲपनं विचारलं, 'सारखी नावं एकत्र करू का?' तो म्हणाला कर. पाच राजूंचा एक राजू झाला, त्याला पाच नंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता टमाटरवाल्या राजूला फोन, दोन सिलिंडर लवकर पाठव म्हणून. तो बिचारा म्हणाला, "भाऊ, तब्येत बरी हाय ना?"

यावर सगळे हसले. मामाही हसले. पण ॲपनं दुसरी एक गोष्ट सुचवली तिथे ते हसायचे थांबले. ज्यांच्याशी वर्षभरात बोलणं झालेलं नाही अशा लोकांची यादी काढून त्यांना दिवाळीचा संदेश पाठवता येईल, खोल्यांच्या नव्या दरांसकट. धंद्याच्या दृष्टीनं चांगली सूचना. पण ती यादी होती पेशंटच्या नातेवाइकांची. कुणी आईला घेऊन महिनाभर राहिलेलं, कुणी बाळाला. काही जण बरे होऊन गेले. काही जणांनी रात्री दोनला खोलीचे पैसे चुकते केले आणि ॲम्ब्युलन्समागे निघून गेले. त्यांचे नंबर मामांकडे कशासाठी होते? कुणाचा डबा राहिलेला, कुणाचं डिपॉझिट परत द्यायचं, कुणी म्हणालं रिपोर्ट आला की कळवा. ज्या कामासाठी नंबर दिला ते काम संपलं.

"नंबर तं समदे घेऊन घे," मामा त्याला म्हणाले, "पन मानूस कोन्ता, हे तुले कसं समजन?"

हा प्रश्न आता कायद्यानंही विचारलाय. २०२३ साली आपल्याकडे व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, हा त्याचा एक मुख्य धागा. मामांनी तो वाचलेला नाही, आणि कागदाच्या वहीला तो तसा लागूही नाही. दादाच्या ॲपला मात्र लागतो, कारण कागदावरची माहिती यंत्रात गेली की ती त्याच्या कक्षेत येते. मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो वैतागून म्हणाला, "म्हणजे आता खानावळीला वकील पायजे का?" त्याचा वैताग मला कळतो. शेजारी तीन नव्या खानावळी झाल्यात, त्यातल्या दोघांचे संदेश सगळ्या वॉर्डांत फिरतात. मामांच्या तत्त्वावर खोल्या रिकाम्या राहिल्या तर हप्ता दादालाच भरायचाय.

शेवटी तोडगा निघाला तो असा. मी दिवाळीला गेले होते, तेव्हा सलग चार दुपारी आम्ही तिघं बसलो. मामा वही घेऊन, दादा फोन घेऊन, आणि मी दोघांच्या मध्ये. मामा एकेक नाव वाचायचे, कंसासकट. दादा नाव टाकायचा आणि कंस त्या तळाच्या 'टीप' रकान्यात. पहिल्या दिवशी वैतागत, तिसऱ्या दिवशी स्वतःहून विचारत, "हा पानठेलेवाला म्हणजे भावाशी बोलत नाही तोच ना?" भाजीवाले, दूधवाले, ठोक किराणा, गॅस, प्लंबर, ॲम्ब्युलन्सवाले, जुने विद्यार्थी, ज्यांच्यातले बरेच आता डॉक्टर आहेत आणि वर्ध्याला आले की अजून जेवायला येतात. सगळे कंसासकट गेले. पाचही राजू वेगळे झाले. लाल शाईतल्या राजूपुढे दादानं 'उधार देऊ नये' लिहिलं, तर मामा म्हणाले, "ते काढ. त्यानं मंग दिले होते पैसे." वहीत मात्र खोडलेलं नव्हतं.

मग वहीची मागची पानं आली. तिथे नावं कमी आणि कंस जास्त. (यवतमाळ, आई). (वणी, तीन नंबर खोली, बाळ). (पांढरकवडा, डबा नेला नाही). मामांनी ती पानं वाचली नाहीत. नुसती उलटली. दादानं फोन खाली ठेवला आणि चहा टाकायला उठला.

ते नंबर ॲपमध्ये गेले नाहीत. वही गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात आहे.