तीन वर्षांचं मूल आणि शाळेची निवड

सास्तूरसारख्या गावात तीन वर्षांच्या लेकराच्या पालकापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक गावातली अंगणवाडी, दुसरी गाडीत बसवून मोठ्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत पाठवण्याची. निवड बहुधा गणवेश, भरलेली वही आणि ‘ए फॉर ॲपल’ यांवर होते. डोळ्यांना दिसतं तेच निर्णायक ठरतं, आणि या वयात शिकणं वहीत फार कमी दिसतं.

पहिला निकष अंतराचा. तो सोयीचा मानला जातो. माझ्या मते तो शिक्षणाचाच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर उद्ध्वस्त झालं. पुनर्वसनातल्या गावठाणांत रुंद रस्ते आणि मोठे प्लॉट आले, भिंतीला भिंत लागलेली जुनी घरं गेली. हाकेच्या अंतरावरचा शेजार लांब गेला, आणि तीन वर्षांच्या पायांना ते आधी कळतं. अंगणवाडीचा निकष मात्र माणसं मोजतो : साधारण 400 ते 800 लोकसंख्येमागे एक केंद्र. गाव किती पसरलंय, हे त्यात येत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 साली त्या कोसबाडला गेल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गाडीची नर्सरी याच्या बरोबर उलटी : मूल जागं व्हायच्या आत दप्तर तयार, वाटेत चार गावची पोरं गोळा करायची, आणि वर्गात पोचेपर्यंत ते पेंगुळलेलं.

दुसरा निकष हाताचा. तिसऱ्या वर्षी मनगट आणि बोटं पेन्सिलीच्या बारीक कामाला तयार नसतात. माती मळणं, मणी ओवणं, तूर-हरभरा निवडून वेगळे करणं, रेघोट्या ओढणं यांतून ती तयार होतात. आपल्या घरच्या सुपात हे साहित्य फुकट आहे. चौथ्या वर्षीच ओळीत अक्षरं असलेली वही मला तरी कौतुकाची वाटत नाही. ती बऱ्याचदा मोठ्यांनी हात धरून भरलेली असते.

तिसरा भाषेचा. या भागात घरोघरी मराठी असली, तरी कुठे दखनी, कुठे कन्नड, तांड्यावर गोरमाटी चालते. ज्या भाषेत मूल रडतं आणि मागतं, ती कळणारी बाई वर्गात आहे का, एवढंच पाहावं. इंग्रजी नंतर शिकता येते. पण लघवीला जायचंय हे सांगता न आल्याने गप्प बसलेलं मूल त्या दिवशी काहीच शिकत नाही.

वयाचं गणितही पाहावं. राज्याच्या नियमानुसार नर्सरीसाठी 31 डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये जेमतेम अडीच वर्षांचं असताना वर्गात बसतं. घाई पालकाची असते, नियम तिला फक्त वाट देतो.

अंगणवाडीची बाजू मी डोळे मिटून घेत नाही. 1975 साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहांपैकी एक सेवा. आहार, वजन-उंची, गृहभेटी, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळं सांभाळून सेविकेने गाणी-गोष्टी घ्यायच्या. काही ठिकाणी खिचडी वाटून झाली की मुलं घरी जातात. म्हणून नाव किंवा पाटी न पाहता, एका सकाळी न सांगता अर्धा तास जाऊन बसावं. वर्गात बोलतंय कोण, बाई की मुलं? रडणाऱ्याजवळ कोणी जातं का?

एक गोष्ट पालकांच्या ध्यानात उशिरा येते. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला. व्यवहारात मात्र अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि पहिली शिक्षण विभागाकडे, म्हणून अंगणवाडीनंतरची शाळा नव्याने निवडता येते. खासगी नर्सरी पुष्कळदा स्वतःच्याच पहिलीत पोचवते. माध्यम तिसऱ्या वर्षीच ठरून जातं. तेव्हा नर्सरीची फी विचारण्याआधी चौथीची आणि आठवीची विचारावी, आणि ती शाळा तिथवर आहे का, हेही.