सहीचा चेंडू

थोर पुरुषाच्या हातची वस्तू आपल्या घरी असावी, ही इच्छा फार पुरातन आहे. कोणी पत्रे जपतो, कोणी पागोटे, कोणी लेखणी. अमेरिकेत या इच्छेने निराळेच रूप घेतले. तेथील लोकांस बेसबॉल हा खेळ जितका प्रिय, तितकाच त्या खेळातील पूर्वीच्या वीरांच्या सह्यांचे चेंडू जमविण्याचा छंदही प्रिय. बेसबॉलचा चेंडू पांढऱ्या कातड्याचा असतो. त्यावरील तांबड्या टाक्यांच्या रांगा जेथे एकमेकींच्या अगदी जवळ येतात, त्या चिंचोळ्या जागी एकट्याच खेळाडूची सही असली, म्हणजे तो चेंडू उत्तम समजला जातो.

परंतु सहीचे मोल केवळ कीर्तीवर ठरत नाही. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी १९३६ साली पहिले पाच वीर निवडले गेले. त्यांत बेब रूथ होता आणि ख्रिस्टी मॅथ्यूसनही होता. रूथ १९४८ साली वारला. त्याने आयुष्यभर सढळ हाताने सह्या दिल्या. मॅथ्यूसन मात्र १९२५ सालीच, ४५व्या वर्षी क्षयाने गेला. म्हणून त्याच्या सहीचा चेंडू फार दुर्मिळ.

जेथे मोल, तेथे लबाडी आलीच. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या मध्यवर्ती तपास खात्याने बनावट सह्या करणारी मोठी टोळी उघडकीस आणली, तेव्हा त्या मालात चक्क मदर तेरेसा यांच्या नावाची सही असलेला बेसबॉलही निघाला! तात्पर्य, नुसत्या शाईवर विसंबण्यात अर्थ नाही. तो चेंडू कोणी, केव्हा, कोणास दिला, ही हकिकतच त्याचा खरा साक्षीदार होय.

आपल्याकडे हा मान क्रिकेटकडे जातो. क्रिकेटचा चेंडू बहुधा तांबडा. त्यावर शाई उठून दिसत नाही. म्हणून सही बॅटीवर घेतात, आणि पराक्रमाच्या चेंडूस चांदीची पट्टी बसवून तीवर मजकूर कोरतात. पुण्यास २०१२ साली सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते उघडलेल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या संग्रहालयात सह्यांच्या बॅटी मोठ्या संख्येने पाहावयास मिळतात.

मात्र आपल्या अगदी आरंभीच्या वीरांची गोष्ट काहीशी खेदाची आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार जातीत जन्मलेले अद्वितीय गोलंदाज. पुण्यास युरोपियनांच्या क्लबात मैदान राखता राखता ते गोलंदाजी शिकले. १९११ साली इंग्लंडात गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघातून त्यांनी शंभरावर बळी घेतले. परंतु पुण्याच्या हिंदू संघाकडून खेळताना त्यांस चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यातून. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू झेलण्यास सवर्णांची हरकत नव्हती. हरकत होती ती कपाला! अशा माणसापुढे सहीसाठी वही धरण्याचे त्या काळी कितीजणांस सुचले असेल? बाळू १९५५ साली वारले. समाज ज्याचा मान ठेवीत नाही, त्याच्या वस्तूही जपीत नाही, हा इतिहासाचा नियमच आहे.

हा धडा सोलापुरानेही ध्यानी घ्यावा. पहेलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली याच गावी झाला. १९५५ साली हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून कसोटी सामन्यात द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. ५९ कसोटी सामन्यांत त्यांनी १२ शतके केली. २००६ साली ते निवर्तले. आता त्यांची नवी सही मिळणे नाही. येथील एखाद्या घरी जुन्या पेटीत त्यांच्या सहीची वही किंवा बॅट असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांस विचारून ती कशी, कोठे व कोणत्या साली मिळाली, हे कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवावे. कारण शाई उन्हाने उडते, कातडे काळाने काळवंडते. हकिकत लिहिलेली असली, तरच पुढील पिढीस ती वस्तू अडगळ न वाटता वारसा वाटेल.