एका गॅलनांत किती मैल?

गोंदिया वाढलें तें आगगाडीच्या आधारानें. नागपूर-छत्तीसगड रेल्वे बंगाल-नागपूर कंपनीकडे आली, विसाव्या शतकाच्या आरंभीं बालाघाट-नैनपूरकडे अरुंद रुळांची शाखा निघाली आणि या गांवाचें जंक्शन झालें. (गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं झाला, त्यापूर्वींचा त्याचा इतिहास भंडारा जिल्ह्याच्याच खात्यावर मांडलेला आहे.) भात, तेंदूचीं पानें, लांकूड रुळांवरून जाई. मोटारीचें काम रूळ संपत तेथून सुरू होई: देवरी, चिचगड, ग्रेट ईस्टर्न रोडवरील गांवें आणि त्यांपलीकडचें जंगल.

आगगाडीच्या उतारूला इंजिनांतील कोळशाची काळजी कधीं करावी लागली नाहीं. मोटारवाल्यावर मात्र ती काळजी पहिल्या दिवसापासून येऊन पडली. फोर्डच्या सुप्रसिद्ध टी मॉडेलमध्यें, म्हणजे १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या गाडीमध्यें, पेट्रोलची टांकी पुढच्या बैठकीखालीं असे आणि किती पेट्रोल उरलें हें दाखविणारा कांटा नसे. बैठक उचलावी, टांकींत काठी बुडवावी आणि ओल कोठवर आली तें पाहावें, हीच रीत. पेट्रोल इंजिनाकडे केवळ उतारानें वाहात असल्यामुळें, तें कमी असतां चढ लागला कीं इंजिन उपाशी पडे. अशा वेळीं अनुभवी हांकणारा गाडी वळवून चढ उलटा चढवी! पाहणाऱ्यांस तो वेडेपणा वाटत असेल. त्यांत हिशेब होता.

पेट्रोल हवें तेव्हां मिळत होतें तोंवर एका गॅलनास किती मैल पडतात हा प्रश्न हौसेचा होता. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलचें नियंत्रण आलें आणि तो पोटापाण्याचा झाला. पुढील वर्षीं मार्च महिन्यांत रंगून पडलें. एप्रिलमध्यें येनांजांवच्या तेलविहिरी जपान्यांच्या हातीं लागूं नयेत म्हणून इंग्रजांनीं स्वतःच उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानाला ब्रह्मदेशांतून येणारें तेल थांबलें. जें उरलें त्यावर पहिला हक्क सैन्याचा व विमानांचा. गोंदियाजवळ बिरसी येथें सरकारनें १९४० सालीं विमानांची धांवपट्टी बांधली होती, म्हणजे युद्ध या भागाच्या अंगणापर्यंत येऊन ठेपलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां कुपनांवर लिहिलेले असत ते गॅलन, पण माणसाला हवे असत ते मैल. उदाहरणादाखल एखाद्या डॉक्टराला महिन्यास ७ गॅलन मिळत आहेत आणि त्याचे रोगी ३५ मैलांवरील गांवीं आहेत असें समजूं. जाऊन येऊन ७० मैल. गाडी गॅलनास २० मैल देत असेल तर १४० मैल होतात, म्हणजे नेमक्या दोन फेऱ्या. तीच गाडी कार्ब्युरेटर बिघडल्यामुळें १६ मैलच देऊं लागली तर ११२ मैल होतात आणि दुसरी फेरी अर्ध्या वाटेवर बुडते. चार मैलांचा हा फरक कोणाला तरी महिनाभर औषधाविना ठेवणारा होता. वहींत मैल आणि गॅलन टिपून ठेवणें याला चिकटपणा म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

ज्यांचें कुपनांवर भागेना त्यांच्या कामीं जंगल आलें. लांकडी कोळसा पुरेशा हवेअभावीं अर्धवट जाळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा जळाऊ वायु निघतो; तो थंड करून, गाळून इंजिनांत सोडतां येतो. यासाठीं लागणारी लोखंडी भट्टी बसच्या मागें बसवीत. युद्धकाळांत देशभर अशा गाड्या धांवल्या. कोळसा समुद्रापलीकडून आणावा लागत नव्हता हा त्याचा मोठा गुण. दोष पुष्कळ. सुमारे १२ ते १४ पौंड कोळसा जळे तेव्हां एका गॅलन पेट्रोलाचें काम होई. भट्टी पेटून वायु धरूं लागेपर्यंत उतारूंनीं वाट पाहावयाची. इंजिनाचा जोर तिसऱ्या हिश्शानें किंवा त्याहूनही अधिक कमी. चढावर कधीं उतरून चालावयाचें. राख रोज काढावी लागे, गाळणी तुंबे. शिवाय हा वायु विषारी आणि वास नसलेला, म्हणून बंद छपरींत भट्टी पेटविणें जिवावरचें होतें. 'कोळशाची मोटार' ही थट्टेची वस्तु झाली. पण बाजाराचीं माणसें तिनेंच पोंचलीं.

युद्ध संपलें तरी नियंत्रण एकदम उठलें नाहीं. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, गॅलनाच्या जागीं लिटर आला (एक गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर), आणि जुन्या वह्यांतील आंकडे नव्या पिढीला परके झाले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कांहीं महिन्यांतच तेलाचा भाव जवळजवळ चौपट चढला, तेव्हां वही पुन्हां निघाली. १९७८ सालीं पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्थाच त्या कामासाठीं स्थापन झाली.

वहीची खरी रीत साधी आहे. टांकी कांठोकांठ भरावी, मीटरचा आंकडा लिहावा. पुढच्या खेपेस पुन्हां तितकीच भरून, जितके लिटर मावले त्यांनीं मधल्या किलोमीटरांस भागावें. कांट्यावर विसंबूं नये. तो टांकींतील तरंगत्या बोंड्याच्या आधारें हालतो, आणि टांकीचा आकार सारखा नसला तर अर्ध्यावरचा कांटा अर्धें पेट्रोल सांगेलच असें नाहीं. एका भरणीचा आंकडाही फसवितो. चार-पांच भरण्यांची बेरीज घ्यावी. सरासरी एकाएकीं घसरली तर चाकांतील हवा, ब्रेक आणि हवेची गाळणी पाहावी. भरावयाचें केव्हां? जंगलाच्या वाटेवर पाव टांकी उरली कीं भरावें. नव्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टांकींतच बुडालेला असतो आणि त्याला थंडावा पेट्रोलचाच असतो, म्हणून तळ गांठेपर्यंत थांबणें त्यालाही मानवत नाहीं.

१६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलूं लागले, आणि प्रत्येक राज्याचा कर वेगळा. गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड. देवरीवरून रायपूरकडे निघालेला मालमोटारवाला टांकी सीमेच्या अलीकडे भरावी कीं पलीकडे, याचा विचार करतो. पलीकडच्या पंपापर्यंत गाडी पोंचेल कीं नाहीं, हें मात्र त्याला मागच्या भरणीच्या आंकड्यावरूनच ठरवावें लागतें.