मनाचे माप आणि परकी भाषा

कापड मोजण्याचा गज मुंबईहून पुण्यास नेला म्हणून तो आखूड होत नाही. मनुष्याचा स्वभाव मोजणाऱ्या प्रश्नावलीची गोष्ट मात्र निराळी आहे. ती परक्या भाषेत नेली की माप ढळते, आणि ढळलेले माप धडधाकट माणसास रोगी ठरवू शकते. असे एकदा कसे घडले व पुढे कसे सावरले गेले, तेवढा वृत्तान्त आज निवेदन करावयाचा आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात स्टार्क हॅथवे हे मानसशास्त्रज्ञ आणि जे. सी. मॅकिन्ली हे वैद्य यांनी १९४३ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत सुमारे साडेपाचशे विधाने असून प्रत्येकापुढे ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढेच लिहावयाचे. विधाने निवडण्याची त्यांची तऱ्हा मोठी व्यवहारी होती. अर्थाचा काथ्याकूट न करता, रुग्ण आणि निरोगी माणसे एखाद्या विधानास निरनिराळी उत्तरे देतात की नाही, एवढेच त्यांनी पाहिले. निरोगी म्हणून घेतलेली मंडळी मुख्यतः तेथील रुग्णालयात आप्तांस भेटावयास आलेली, ७२४ असामी. बहुतेक गोरी, खेड्यापाड्यांतली, बेताच्या शिक्षणाची. यांच्या सरासरीवरून पुढे देशोदेशींची मने मोजली जाऊ लागली!

आता भाषांतराचा प्रश्न. इंग्रजीत खिन्न मनुष्य स्वतःस ‘निळा’ म्हणवितो. शब्दास शब्द ठेवणारा भाषांतरकार तेथेच फसावयाचा. यावर एक उपाय रूढ झाला व रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. एकाने भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत आणावे, आणि मग दोन्ही प्रती ताडून पाहाव्या. उपाय उत्तम, शाळेत मुलांकडून भाषांतरे करवून घेताना मला तो ठाऊक असता तर बरे झाले असते.

परंतु यातूनही निसटणारी गोष्ट आहे. त्या प्रश्नावलीत रुमाल टाकण्याच्या खेळाच्या आवडीविषयी एक विधान होते. मिनेसोटात तो मुलींचा खेळ समजत, म्हणून ते विधान पुरुषी व बायकी आवडीनिवडींच्या मापात घातलेले. आपल्याकडे हाच खेळ ‘मामाचे पत्र हरवले’ या नावाने मुलगे आणि मुली मिळून खेळतात. भाषांतर निर्दोष होईल, उलट भाषांतरही जुळेल. पण त्या उत्तराचे वजन गेले ते गेलेच.

हीच अडचण पुढे हाँगकाँगात मोठ्या प्रमाणावर दिसून आली. फॅनी चुंग या विदुषींनी खुद्द मिनेसोटात शिक्षण घेतले, आणि स्वदेशी परतल्यावर १९७० नंतरच्या दशकात ही प्रश्नावली चिनी भाषेत आणली. भाषांतर काळजीपूर्वक झाले होते. तरीही निरोगी चिनी माणसांचे गुण औदासीन्य आणि छिन्नमनस्कता या मापांवर अमेरिकन सरासरीच्या बरेच वर चढू लागले. सारा समाज आजारी असतो काय? चुंगबाईंनी लोकांस वेगळाच प्रश्न विचारला: यांतील कोणत्या गोष्टी तुम्हांस चांगल्या वाटतात? तेव्हा ध्यानी आले की, मिनेसोटात जी उत्तरे उदासपणाची खूण म्हणून धरली होती, त्यांतील काही चिनी लोकांच्या दृष्टीने शिष्टसंमत वागणुकीची होती. पुढे बीजिंगच्या विज्ञान अकादमीतील सोंग वेईझेन यांच्या साहाय्याने चिनी लोकांची स्वतंत्र सरासरी बसविण्यात आली.

बुद्धिमापनाच्या प्रांतात आपल्याकडेही असेच श्रम झाले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांकरिता घडविल्या, तेव्हा येथील मुले नव्याने तपासूनच आकडे बसविले. त्यांचा ग्रंथ १९४० सालचा आहे. आणि परभाषेचेच कशाला, अमेरिकनांनाही ती ७२४ जणांची सरासरी जुनी झाली; १९८९ च्या सुधारलेल्या आवृत्तीसाठी २,६०० माणसे नव्याने घ्यावी लागली.

चुंगबाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. परक्या प्रश्नावलीत जे विचारलेच नव्हते त्याचे काय? सलोखा, चारचौघांत राखावयाची अब्रू, उपकाराची परतफेड, काटकसर, या गोष्टी चिनी स्वभावात जागोजाग दिसतात. आपल्याही घरांत त्या अनोळखी नाहीत. त्यांनी व सहकाऱ्यांनी या गोष्टींना स्थान देणारी नवी प्रश्नावली रचली व १९९६ साली प्रसिद्ध केली. तीतील एका मापास लू शुन यांच्या कथेतील आ क्यू या पात्राचे नाव आहे. हा गृहस्थ मार खाऊनही मनातल्या मनात स्वतःस विजयी समजतो! गंमत अशी की, माणसामाणसांतील नात्यांविषयीचा तो घटक पुढे चिनी नसलेल्या लोकांतही आढळला. तेव्हा त्या प्रश्नावलीच्या नावातील ‘चिनी’ हा शब्द कंसात गेला, आणि त्याच्या आधी ‘आंतरसांस्कृतिक’ हा शब्द येऊन बसला.