येवला ते नागपूर : एकवीस वर्षं आणि एक दिवस

मनमाडहून येवल्याला उतरलात की सगळीकडे पैठणीच्या पाट्या दिसतात. गावाची ओळख तीच. पण याच गावात मुक्तिभूमी नावाचं एक ठिकाण आहे आणि 13 ऑक्टोबरला तिथे निळ्या झेंड्यांची गर्दी होते. 1935 साली याच तारखेला इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्माला आलो ते माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. त्याच्यापुढे पाठ्यपुस्तकात लगेच 14 ऑक्टोबर 1956 येतो, नागपूर येतं, लाखोंचा समुदाय येतो. दोन ओळींच्या मधली जागा बोटाएवढी. प्रत्यक्षात ती जागा एकवीस वर्षं आणि एक दिवसाची आहे. मला नेहमी त्या मधल्या जागेबद्दल जास्त कुतूहल वाटत आलंय.

कारण येवल्याच्या त्या दिवशी कुठून निघायचं ते ठरलं होतं. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं.

आता थोडं त्या माणसाच्या 1935 सालाकडे बघू. मे महिन्याच्या शेवटी रमाबाई गेल्या. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं आणि जिथे देवळाबाहेर उभं राहावं लागतं तिथे त्यांना न्यायला आंबेडकर तयार नव्हते, ही आठवण घराघरात सांगितली जाते. जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. म्हणजे एकाच उन्हाळ्यात घर रिकामं झालं आणि मोठं पद मिळालं. दादरला राजगृह उभं होतं, पुस्तकांनी भरलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता स्थिरावला.

पण राजकारणाच्या बाजूला काहीच स्थिर नव्हतं. 1927 साली महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन झालं होतं. 1930च्या मार्चमध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं रेटला गेला. लोक तुरुंगात गेले, मार खाल्ला, दार उघडलं नाही. 1932 साली पुणे करार झाला, स्वतंत्र मतदारसंघ हातून गेले. 1934 साली भाऊराव गायकवाडांना, म्हणजे आपल्या दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं, की देवळात जाऊन प्रश्न सुटेल असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो मार्ग धरला होता. येवल्यात सुमारे दहा हजार लोकांसमोर त्यांनी सांगितलं, आता ते सत्याग्रह थांबवा.

पाच वर्षं ज्या गोष्टीसाठी डोकी फोडून घेतली ती थांबवा, असं स्वतःच्याच माणसांना सांगणं सोपं नसतं.

घोषणेनंतर जे झालं ते आजच्या भाषेत सांगायचं तर इनबॉक्स भरून गेला. ख्रिस्ती, मुस्लिम, शीख, बौद्ध, प्रत्येकाकडून निमंत्रणं. हिंदू पुढाऱ्यांकडून विनवण्या. गांधीजींनी म्हटलं, धर्म म्हणजे घर किंवा अंगरखा नव्हे की वाटेल तेव्हा बदलावा. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता : कोणत्या धर्मात जायचं ते आम्ही ठरवलेलं नाही, कोणत्या मार्गाने जायचं तेही ठरवलेलं नाही, मात्र हा धर्म आमच्या कामाचा नाही एवढं पूर्ण विचारांती ठरवलं आहे.

हे उत्तर पुन्हा एकदा वाचा. एवढ्या मोठ्या समाजाचा नेता, देशभरातले पत्रकार कान टवकारून बसलेले, आणि तो सांगतो की मला अजून माहीत नाही. आपल्याकडे पुढारी म्हटला की त्याच्याकडे उत्तर असलंच पाहिजे अशी समजूत आहे. नसलं तरी असल्यासारखं बोलायचं असतं. इथे एका गोष्टीबद्दल पक्की खात्री आणि बाकी दोन गोष्टींबद्दल उघड कबुली, दोन्ही एकाच दमात आहेत.

मग शोध सुरू झाला, आणि तो खरा शोध होता. 1936च्या एप्रिलमध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. त्याच सुमारास लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं. भाषण लिहून छापून तयार झालं. मंडळाने वाचलं आणि घाबरलं, काही भाग गाळा म्हणालं. स्वल्पविरामही बदलणार नाही, असं त्यांनी कळवलं. परिषद रद्द झाली. न केलेलं ते भाषण त्यांनी स्वतःच्या पैशाने पुस्तक म्हणून छापलं, 1500 प्रती, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. तेच ‘जातिप्रथेचं उच्चाटन’. आपण हिंदू म्हणून करत असलेलं हे बहुधा शेवटचं भाषण, असंही त्यात होतं. ते काही ‘शेवटचं’ ठरलं नाही. पुढची वीस वर्षं ते कागदोपत्री हिंदूच राहिले.

मला या काळातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 31 मे 1936चं मुंबईतलं भाषण. नायगावला महार परिषद भरली होती. हे भाषण पुढे ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध झालं. परिषद बोलावण्याचं कारण त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. धर्मांतर हा पोरखेळ नाही. नावाडी प्रवासाला निघण्याआधी सगळी सामानसुमान जमवतो, पण किती उतारू येणार हेच कळलं नाही तर तो तयारी कशाची करणार? तेव्हा आधी तुम्ही सांगा, तुमच्यातले किती येणार.

आणि शेवट तर फारच वेगळा केला. लोकांना काय ऐकायचं असणार? अमुक धर्म घ्या, तमुक दिवशी. त्याऐवजी त्यांनी बुद्धाच्या शेवटच्या दिवसांतला प्रसंग सांगितला. आजारी बुद्धाला आनंद म्हणतो, भिक्खूसंघासाठी काहीतरी सांगून ठेवा. बुद्ध विचारतो, संघाला माझ्याकडून आता आणखी काय हवं आहे? आपला दिवा आपणच व्हा. हाच निरोप तुमच्यासाठी, असं म्हणून आंबेडकर थांबले.

यावरून ‘बघा, त्यांना तेव्हाच बौद्ध धम्म ठरला होता’ असं काही जण म्हणतात. पुरावे जुळवायचे म्हटलं तर जुळतातही. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. घराचं नाव राजगृह. पण मला ही मागून जोडलेली सरळ रेषा पटत नाही. 1936 साली शीख धर्माचा पर्याय खराखुरा टेबलावर होता. त्यांनी अभ्यासासाठी काही माणसं अमृतसरला पाठवली आणि ती मंडळी अभ्यास बाजूला ठेवून थेट दीक्षाच घेऊन बसली! पुणे करारातून मिळालेल्या राखीव जागा धर्म बदलल्यावर राहतील का, हा प्रश्नही साधा नव्हता. मनाचा कल एकीकडे असणं आणि लाखो लोकांचं भवितव्य तिकडे वळवणं, यात बरंच अंतर असतं. त्या अंतरात ते चालत होते.

त्यांच्याबरोबर सगळेच चालत नव्हते, हेही सांगायला हवं. नायगावची परिषद महारांची होती. मातंग समाजाची परिषद जूनच्या सुरुवातीला वेगळी झाली. चर्मकार समाजातल्या अनेक पुढाऱ्यांनी धर्मांतराला विरोध केला. त्यांत पळवणकर बाळू होते, भारतीय क्रिकेटचे पहिले मोठे डावखुरे फिरकीपटू, ज्यांचा आंबेडकरांना एकेकाळी अभिमान वाटायचा. 1937च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभं केलं. आंबेडकर जिंकले, पण अंतर फार मोठं नव्हतं. जात मोडायला निघालेल्या माणसाला जातीजातीने मोजलं जात होतं. या विसंगतीची त्यांना जाणीव नव्हती असं समजू नये. 1936च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पक्ष काढला त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष ठेवलं. त्यात धर्म नव्हता, जातही नव्हती.

पण या मधल्या वर्षांचा खरा भार त्यांच्यापेक्षा खेड्यातल्या माणसांवर जास्त होता, असं मला वाटतं. नायगावच्या परिषदेत ठराव झाला, की हिंदू देवांची पूजा करायची नाही, सण पाळायचे नाहीत, तीर्थांना जायचं नाही. ठराव करणं एका दुपारचं काम. पण देव्हारा काढल्यावर त्या कोनाड्यात काय ठेवायचं? लग्न कुणी लावायचं? म्हातारी गेली तर दहाव्याला काय करायचं? जुनं सोडलं आहे आणि नवं आलेलं नाही, अशा घरात वीस वर्षांत एक पिढी जन्मून लग्नाला येते. येवल्याला हजर असलेले कितीतरी जण नागपूर न बघताच गेले असणार.

ही वर्षं नुसती वाट बघण्यात गेली असती तर लोक पांगले असते. तसं झालं नाही, कारण दरम्यान कामं उभी राहत गेली. पक्ष, कामगारांचे संप, ‘जनता’ साप्ताहिक, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, 1950 साली औरंगाबादला कॉलेज, जे पुढे मिलिंद झालं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं, मग संविधान, मग हिंदू कोड बिल आणि 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा. गंमत बघा, ज्या धर्मातून बाहेर पडणार असं जाहीर केलं होतं, त्याच धर्माच्या बायकांना वारसाहक्क आणि घटस्फोट मिळावा म्हणून हा माणूस चार वर्षं झगडत होता.

1950 साली त्यांनी महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यात धर्माला लावायच्या कसोट्या मांडल्या : तो बुद्धीला पटणारा हवा, स्वातंत्र्य, समता, बंधुता मानणारा हवा, दारिद्र्याला पवित्र ठरवणारा नको. त्याच वर्षी ते श्रीलंकेला जाऊन आले, 1954 साली ब्रह्मदेशाला. मधुमेहाने शरीर पोखरलं होतं. आता घाई करायला त्यांच्याकडे कारण होतं, तरी धम्मावरचं पुस्तक लिहून होईपर्यंत ते थांबले. 1956च्या फेब्रुवारीत ‘जनता’चं नाव ‘प्रबुद्ध भारत’ झालं. वाचकांना कळायचं ते कळलं.

नागपूरला 14 ऑक्टोबरला सकाळी कुशिनाराच्या वृद्ध भिक्खू चंद्रमणींकडून त्यांनी आणि सविताबाईंनी दीक्षा घेतली. मग ते समोरच्या समुदायाकडे वळले आणि ज्यांना धम्म स्वीकारायचा आहे त्यांनी उभं राहावं असं म्हणाले. लाखो लोक उभे राहिले. दीक्षा त्यांनी स्वतः दिली, 22 प्रतिज्ञा स्वतः सांगितल्या. एका गृहस्थाने लाखोंना दीक्षा द्यावी, हे बौद्ध परंपरेलाही नवंच होतं. नावाड्याला उतारू किती ते आता कळलं होतं.

त्यानंतर ते 53 दिवस जगले.

मुंबईत डिसेंबरमध्ये असाच मोठा दीक्षासमारंभ ठरत होता. 6 डिसेंबरला दिल्लीत ते गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर चिता रचलेली असताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. एक लाखाहून अधिक लोकांनी त्या वाळूत उभं राहून ती घेतली. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

त्यांना किंमत मोजावी लागली. अनुसूचित जातींना केंद्रात मिळणाऱ्या सवलती बौद्ध झालेल्यांना लागू व्हायला 1990 साल उजाडावं लागलं. 34 वर्षं. 1936 साली राखीव जागांची जी शंका काढली जात होती ती खोटी नव्हती.

1951च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते सुमारे अडीच हजार. 1961 साली प्रगणक पुन्हा दारात आला, वही उघडली आणि विचारलं, धर्म कोणता? 27 लाख 89 हजारांहून जास्त माणसांनी उत्तर दिलं.